बंतो बोलतेय

मी 'हांजी' म्हणाले आणि बलवंत आंटीचा हात माझ्या मनगटावरून गळून पडला. तिनं दाबलंच नव्हतं. एकदा दाबलं की 'हांजी', दोनदा दाबलं की 'नहीं जी', असं आमचं ठरलेलं आणि पाच रविवार ते बिनचूक चाललेलं. पण सहाव्या रविवारी मी थांबलेच नाही. फोनवर तिकडून बीजी, म्हणजे आंटीची आई, काहीतरी लांबलचक बोलत होती. शेवटी तिचा आवाज वर जाऊन तिथेच लटकला, प्रश्न विचारतात तसा, आणि मला वाटलं हे नेहमीचंच असणार, जेवलीस का, थंडी कमी झाली का. मी आंटीच्या आवाजात 'हांजी, हांजी' म्हटलं आणि वर आंटीचं ते छोटं हसू पण जोडलं, कारण ते हसू मला सॉलिड जमतं. तिकडे बीजी रडायला लागली. रडता रडता खूप वेळा काहीतरी आशीर्वादासारखं बोलली आणि फोन ठेवला गेला. बूथच्या काचेच्या दारात माझा आणि आंटीचा चेहरा एकावर एक दिसत होता. तिचा चेहरा असा झालेला की मला दार उघडायचीच भीती वाटली.

"क्या पूछा उन्होंने?" मी विचारलं. आंटीनंच दार ढकललं. बाहेर त्र्यंबककाका, बूथवाले, पेपर वाचत बसलेले. ते म्हणाले, "काय म्हणतंय पंजाब? सगळं ठीक ना?" ते दर वेळी हेच विचारतात आणि मी दर वेळी आंटीच्या वतीनं "एकदम बढिया" म्हणते. आज मी नुसती मान हलवली.

वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगकडे जाताना वाटेत पाण्याचा मोठा पाइप लागतो, तिथे आंटी बसली. मग तिनं तिच्या आत्ताच्या आवाजात सांगितलं. हा आत्ताचा आवाज म्हणजे ओल्या पुठ्ठ्यावरून बोट ओढावं तसा आहे, वर नाही, खाली नाही, फक्त पुढे. हिंदीत बोलली की मला सगळं कळतं. "बीजी के आंख का ऑपरेशन है. वो डरती है. बोली, बंतो, तू बैसाखी को आएगी ना? तेरी आवाज़ पास में होगी तो मैं टेबल पे लेट जाऊंगी. नहीं तो अंधी ही ठीक हूं." मग थोडं थांबून, "और बंतो ने बोल दिया, हांजी."

बंतो म्हणजे तीच, बलवंत. माहेरचं नाव. आणि 'बंतो ने बोल दिया' म्हणजे मी. ती मला रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, कारण रागावलेल्या माणसाला सॉरी म्हणता येतं. तिनं फक्त ओढणीचं टोक गळ्यावरच्या व्रणावर धरलं, हल्ली ती सारखी तसं धरते, आणि पाइपाखालच्या गवताकडे बघत राहिली. बैसाखीला पाच आठवडे होते. मी बोटांवर मोजले, परत मोजले, पाचच भरले.

आता हे सगळं कसं सुरू झालं ते सांगायचं तर मला माझ्यापासूनच सुरू करावं लागतं, आणि तेच मला आठवडाभर नको वाटत होतं. आम्ही मूळचे चेंदणीचे कोळी. बाबांना कंपनीत नोकरी लागल्यावर इथे राहायला आलो, मी तेव्हा पाचवीत. नवीन शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी खडू वाटले आणि मी म्हटलं, "मना नको." सगळा वर्ग हसला. 'मना'ला हसले असते तर मी 'मला' शिकून घेतलं असतं, शिकलेही दोन दिवसांत. पण 'मला' म्हटलं तरी ते हसायचे. माझ्या बोलण्याला हेल आहे, असं मला तेव्हा कळलं. हेल ही गोष्ट आपली आपल्याला ऐकूच येत नाही, आपल्याला वाटतं आपण सरळ बोलतोय. मग मी तीन वर्षं बोललेच नाही जवळजवळ. मागच्या बाकावर बसून नुसती ऐकायचे, कोण कुठे चढतं, कुठे उतरतं, शेवटचं अक्षर कोण ओढतं आणि कोण गिळतं. बाईंचा पुणेरी 'हो ना' कसा नाकातून निघून पटकन मिटतो. आठवीत एकदा मधल्या सुट्टीत मी सहज मुख्याध्यापकांसारखं बोलले आणि आख्खा वर्ग उठून उभा राहिला, त्यांना वाटलं खरंच सर आले! त्या दिवसापासून मी वर्गातही वैजयंताची वैजू झाले. गेल्या गणपतीत वसाहतीच्या स्टेजवर पंचवीस मिनिटं नकला केल्या. सेक्रेटरी, दूधवाला, तिसऱ्या मजल्यावरच्या भांडणाऱ्या जावा. आणि शेवटी बलवंत आंटी. पंजाबीचा एक शब्द मला येत नव्हता, मी नुसती चाल उचललेली. नुसते सूर, आणि त्यांच्यावर टाकलेले कसलेही शब्द. पहिल्या रांगेत आंटी एवढी हसली की तिची खुर्ची मागे पडली. मग स्टेजवर येऊन तिनं माझा गाल धरला आणि म्हणाली, "ओए वैजो! तेरे अंदर तो मैं ही बैठी हूं!"

ते तिचं खऱ्या आवाजातलं मला आठवणारं शेवटचं मोठं वाक्य. दिवाळीनंतर तिच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, साधीच होती, पण आवाजाची एक नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, नस झोपलीय, सहा महिन्यांत जागी होईल किंवा नाही होणार. आम्हा बिल्डिंगवाल्यांना वाटलं, ठीक आहे, जरा घोगरं बोलेल, बोलतेय ना. भाजीवाल्याला कळत होतं, माझ्या आईला कळत होतं. आई तर म्हणाली, "बरं झालं, आता तुम्ही जरा हळू बोलता." पण एकदा मी त्यांच्याकडे बसलेले असताना करतार अंकल, तिचे मिस्टर, फर्स्ट शिफ्ट करून आले. आंटी त्यांच्याशी पंजाबीत काहीतरी बोलली आणि ते "की?" म्हणाले, म्हणजे काय? ती परत बोलली. ते परत "की?" मग ती चिडून हिंदीत बोलली, आपल्याच नवऱ्याशी, आपल्याच स्वयंपाकघरात. अंकल ओशाळले. नंतर तिनं मला समजावलं. त्यांच्याकडे म्हणे सूर हा शब्दातच असतो. आम्ही सूर वर नेला तर प्रश्न होतो, राग होतो, लाड होतो, पण शब्द तोच राहतो. त्यांचं तसं नाही. आपण 'घर' लिहितो ते ती लोकं जवळजवळ 'कर' असंच म्हणतात, फक्त सूर खाली बुडवून वर काढतात. न बुडवता म्हटलं तर ते 'काम कर'मधलं 'कर'. चहाचा 'चा' वर चढतो, हौसेचा 'चा' सपाट राहतो. ती हातानं दाखवत होती, हात खाली, हात वर, हात सरळ. "अब मेरा सब सरळ," ती म्हणाली. मराठी 'सरळ' म्हणाली. "सगळा वाक्यातून समजतो ना, लोग अंदाज़ा लगा लेते हैं. लेकिन बीजी अंदाज़ा नहीं लगाती. बीजी डरती है."

बीजी आंधळी आहे. मोतीबिंदू पिकून पिकून तसाच राहिलेला. गावाजवळच्या मंडीत पुतण्याचं धान्याचं दुकान आहे, तिथे दर रविवारी सकाळी तिला फोनपाशी आणून बसवतात. तिकडचे दिवस वाईट आहेत, पेपरात रोज गोळीबाराचं येतं. अनोळखी आवाज दारात आला की तिकडे कडी लावतात. आंटीच्या गळ्याच्या ऑपरेशनबद्दल तिला सांगितलं नव्हतं, उगीच काळजी करेल म्हणून. महिन्यानं आंटीनं पहिला फोन केला, म्हणाली, बीजी, मैं बंतो. बीजी म्हणाली, "कौण?" आंटी सांगत राहिली. बीजी म्हणाली, बंतोचं नाव घेऊन कोण बोलतंय, बंतोला काय केलंत तुम्ही? आणि ओरडायला लागली. पुतण्यानं रिसीव्हर घेतला, त्यालाही धड कळेना, लाइन कट. त्या दिवशी आंटी जिन्यात बसून रडली. रडण्याचासुद्धा आवाज नव्हता, नुसती हवा. आणि मी, चौदा वर्षांची, गणपतीतली स्टार, म्हणाले, "आंटी, मैं बोलूं?"

कसलं भारी वाटलेलं मला! तिनं वाक्यं शिकवली, हातानं सूर दाखवले. मला ते तीनदा ऐकून यायचं. अर्थ तिच्याकडे होता, सूर माझ्याकडे होता, आम्ही दोघी मिळून एक बाई. पहिल्या रविवारी "बीजी, मैं बंतो बोलदी आं" म्हटल्यावर तिकडून जो आवाज आला तो मी विसरणार नाही, बुडणाऱ्याच्या पायाला तळ लागावा तसा. रिसीव्हर आम्हा दोघींच्या कानांच्या मधोमध धरलेला, आंटीचे केस माझ्या गालाला लागत होते, खोबरेल आणि मोहरी असा मिसळलेला वास. मी खुशीत होते. दुसऱ्या रविवारी मी खोकलेसुद्धा आंटीसारखी. तिसऱ्या रविवारी वाक्यं संपल्यावरही मी आपल्या मनानं एक 'हाय रब्बा' टाकलं आणि बीजी खळखळून हसली. मी आंटीकडे बघितलं, शाबासकीसाठी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी. मी ते बघितलं, नाही असं नाही, बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

आणि आता 'हांजी'. सोमवारी शाळेत बाईंनी धडा वाचायला सांगितला. मी उभी राहिले, वाचायला लागले, आणि मध्येच मला ऐकू आलं की हे मी बाईंच्याच आवाजात वाचतेय. वर्गाला वाटलं मुद्दाम. सगळे खिदळले. बाई म्हणाल्या, "वैजयंता, आगाऊपणा पुरे." मी मुद्दाम करत नव्हते. मी थांबून माझ्या आवाजात वाचायचं ठरवलं आणि वाक्याच्या तोंडाशी तशीच उभी राहिले, कारण माझा कुठला ते मला सापडेना. घशात हात घालून चाचपावं असं वाटलं. रात्री जेवताना आई म्हणाली, मीठ दे गं, मी "घे" म्हटलं आणि ते "घे" कुणाचं होतं यावर विचार करत बसले. चौथ्या बाकावरच्या सुलोचनाचं होतं बहुतेक.

दुपारी कंपनीचा भोंगा व्हायचा, तो खालून वर चढत जायचा आणि वर जाऊन थांबायचा, आणि मला बीजीचा तो लटकलेला प्रश्न आठवायचा. ती आता दिवस मोजत असेल. तिनं पुतण्याला सांगितलं असेल, डॉक्टरची तारीख घेतली असेल, शेजारणींना सांगितलं असेल, माझी बंतो येतेय. आंटी गेली तर दारातच बीजी विचारणार, कौण? न गेली तर बीजी टेबलावर झोपणार नाही. मी नाही नाही ते मनात आणायचे. आपणच आंटीबरोबर जावं, पलंगामागे लपून उभं राहावं, आंटीनं हात धरावा आणि मी बोलावं. पण मग पट्टी सुटेल. डोळे उघडतील. बीजीला दिसायला लागेल तेव्हा ओठ आंटीचे हलणार नाहीत आणि आवाज पडद्यामागून, दोन वेण्या आणि निळा फ्रॉक घातलेल्या मुलीच्या तोंडून. इथपर्यंत आलं की मी परत पहिल्यापासून सुरू करायचे.

गुरुवारी हळदीचं सामान द्यायला आईनं मला चेंदणीला आजीकडे पाठवलं, आत्याचं लग्न ठरलेलं. आजी, मनुबाई, आयुष्यभर बाजारात मासळी विकून विकून तिचा आवाज दगडावर घासल्यासारखा झालाय, पण हेल आहे तसाच, भरतीच्या पाण्यासारखा चढतो आणि सावकाश ओसरतो. ती बोंबील सुकत घालत होती. मी तिला शाळेचं, गणपतीचं, सगळं पुन्हा सांगत होते, भडाभडा, कारण थांबले की बीजी आठवत होती. तिनं वर न बघता विचारलं, "वैजू, तुजे तोंडान आता कोन बोलतंय गो?"

"मीच की."

"नाय," ती म्हणाली आणि पुढचा बोंबील उचलला. "आमची वैजू अशी नव्हती बोलत. ही कोनतरी बाई हाय." आणि हसली. तिनं चेष्टाच केली. पण परत येताना कोर्टनाक्यापासून वर्तकनगरपर्यंत बसमध्ये मी ओठ घट्ट मिटून बसले होते, कंडक्टरला तिकीटसुद्धा बोट दाखवून मागितलं.

शनिवारी संध्याकाळी आंटीनं बोलावलं. करतार अंकल खाटेवर बसलेले, पगडी काढून, केसांचा बुचडा बांधून, ते मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "वैजो पुत्तर, तेरा कसूर नहीं. हम बडों ने सोचना था." मला तेव्हा रडू आलं, पण ते आंटीच्या हसण्यासारखं काही सफाईदार आलं नाही, शेंबूड वगैरे आला. आंटीनं पाणी दिलं. मग तिच्या सपाट आवाजात म्हणाली, उद्या बीजीला खरं सांगायचं. तिनं गुरुमुखीत लिहिलेलं, मी देवनागरीत उतरवून घेतलं, प्रत्येक अक्षराखाली बाण काढले, वर, खाली, सरळ. बीजी, माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. माझा आवाज गेलाय. हा आवाज माझा नाही. हे तूच सांग, ती म्हणाली, माझ्याकडून ऐकायला ती थांबणारच नाही. मी रात्रभर ते कागदावरचे बाण घोकले. सगळे सूर बरोबर आले पाहिजेत, एकही चुकता कामा नये, असं मला वाटत होतं. अजूनही मला ते बक्षीस मिळवण्यासारखंच वाटत होतं, हे आता लिहिताना मला कळतंय.

रविवारी बूथमध्ये आम्ही शिरलो. त्र्यंबककाकांनी नंबर लावून दिला. रिंग, मग पुतण्या, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग बीजी. मी सुरुवात केली. आंटीचाच आवाज, तिच्या गळ्याची गाठ निघायच्या आधीचा. बीजी, ऑपरेशन झालंय. माझा आवाज गेलाय. "एह आवाज़ मेरी नहीं, बीजी." एकही सूर चुकला नाही. आणि तिकडे बीजी हसायला लागली. "झल्लीए!" म्हणाली, वेडे! आणि पुढे काहीतरी लाडानं, भरभर. आंटीनं माझ्या कानाशी सांगितलं, "बोलती है, इतनी साफ़ आवाज़ है और कहती है गई." मी परत म्हटलं, कळवळून म्हटलं, आंटी रडताना म्हणायची तसं. बीजी आणखी हसली. मी जेवढं चांगलं सांगत होते तेवढं ते खोटं होत होतं. आंटीनं माझं मनगट धरलेलं, पण दाबत नव्हती. एकदाही नाही, दोनदाही नाही.

मग मी आंटीचा आवाज सोडला. म्हणजे नेमकं काय केलं ते सांगता येत नाही. हात सुटल्यावर पाण्यात पडतो तशी मी पडले, खाली बाई नव्हत्या, सर नव्हते, सुलोचना नव्हती. "बीजी," मी हिंदीत म्हटलं, "मैं वैजयंता बोलती. ठाना से. मैं छोटी लड़की है. बंतो आंटी की नकल करती थी मैं, मेरे को माफ करो." आणि ते बोलताना मला ऐकू आलं. प्रत्येक वाक्य चढत होतं आणि सावकाश ओसरत होतं. आजीसारखं. पाचवीतल्यासारखं. काचेपलीकडे त्र्यंबककाकांनी पेपर खाली केला. मला वाटलं आता सगळे हसतील.

तिकडे कुणीच हसलं नाही. मग बीजीचा आवाज आला, एकदम म्हातारा झालेला. "बंतो कित्थे?"

बंतो कुठाय. हे मला न शिकवता कळलं. मी रिसीव्हर आंटीच्या कानाला लावला आणि मागे सरकले, पण बूथ केवढा, मागे काचच. आंटीनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "बीजी," ती म्हणाली. ओला पुठ्ठा. "बीजी, मैं." तिकडून आता 'कौण' येणार, ओरडणं येणार, लाइन कट होणार. दोघींमधल्या त्या काळ्या रिसीव्हरमधून बारीक आवाज आला, आणि तो ओरडण्याचा नव्हता.

"फेर बोल."

आंटी परत बोलली.

"फेर बोल."

लहान पोराला पहिला शब्द शिकवतात तसं बीजी परत परत म्हणत होती, आणि आंटी परत परत, तेच वाक्य, आता जरा लांबवून, आता एक शब्द जोरात, आता थांबून थांबून. कुठे बोललेलं पोचत होतं, कुठे नव्हतं. आणि तिचा मोकळा हात हळूहळू वर यायला लागला. घर म्हणताना हात खाली बुडायचा, चहा म्हणताना वर चढायचा. आंधळ्या आईशी फोनवर बोलताना ती हवेत हात हलवत होती. मी दार ढकलून बाहेर आले आणि ते हलकेच लावून घेतलं.

त्र्यंबककाका माझ्याकडे बघत होते. नेहमीचा प्रश्न त्यांच्या तोंडावर होता, पण जरा अडकत विचारला त्यांनी, "काय गं, काय म्हणतंय पंजाब?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जिभेवर काय येतंय त्याची वाट बघितली.

"अजून बोलतायत," मी म्हटलं. शेवटचं अक्षर चढलं आणि सावकाश ओसरलं. मी ते ओसरू दिलं.